घड्याळांवरील सुवर्णलेपन : जुना मुलामा आणि निर्वात लेपन

पितळ किंवा पोलाद अशा साध्या धातूच्या घड्याळाला सोन्याचे रूप देणाऱ्या प्रक्रियांना मिळून सुवर्णलेपन म्हणतात. मनगटी घड्याळात केस (यंत्र सामावणारे बाहेरचे कवच), बेझेल (काचेभोवतीचे कडे), चावी, धातूचा पट्टा आणि बकल हे भाग असे मढवले जातात. आज बाजारात दोन पद्धती मुख्य आहेत. पहिलीत विजेच्या साहाय्याने द्रावणातून सोने चढवतात. बोलीभाषेत यालाच सोन्याचे पाणी देणे म्हणतात. दुसरी म्हणजे हवा काढून घेतलेल्या कोठीत वाफेतून थर बसवण्याची पद्धत, म्हणजे पीव्हीडी (फिजिकल व्हेपर डिपॉझिशन). नव्या घड्याळावर हे दोन्ही थर जवळजवळ सारखे दिसतात. फरक कळतो तो काही वर्षांच्या वापरानंतर, कारण दोन्हींची झिजण्याची रीत मुळातच वेगळी आहे.

विजेच्या आधीचा मुलामा पाऱ्याचा होता. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा वस्तूला फासत आणि तापवून पारा उडवून देत. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या यंत्रपट्ट्या अशाच मढवलेल्या असत आणि त्यांची चमक आजही टिकलेली दिसते. मात्र पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे आयुष्य खाल्ले. १८०५ साली इटलीत लुइजी ब्रुन्यातेल्ली यांनी व्होल्टाच्या विद्युत्‌घटाचा वापर करून चांदीच्या पदकांवर सोने चढवले. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंनी सायनाइडयुक्त द्रावणाच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले आणि हा धंदा कारखान्यात आला. सायनाइडही विषारीच, पण त्याची वाफ रोज छातीत भरून घ्यावी लागत नव्हती.

याच काळात अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. फिलाडेल्फियाच्या जेम्स बॉस यांनी १८५९ साली सोन्याचा पत्रा साध्या धातूवर जोडून, लाटून त्यापासून केस घडवण्याचे एकस्व मिळवले. लाटताना सोने दाबले जाऊन कठीण होई. अशा ‘गोल्ड फिल्ड’ केसांवर २० किंवा २५ वर्षांची हमी कोरलेली असे. अमेरिकेच्या आजच्या नियमानुसार या नावाने विकायच्या वस्तूत सोन्याच्या मिश्रधातूचे वजन एकूण धातूच्या किमान विसाव्या भागाइतके असावे लागते. स्विस कारखान्यांनी पुढे पोलादी केसवर सोन्याचे जाड टोपण बसवण्याची ‘गोल्ड कॅप’ पद्धतही वापरली. तिचा थर ८० मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून जाडही असे. लेपन म्हणण्याजोग्या सर्व प्रकारांत टिकाऊपणाला हाच सर्वांत भरवशाचा होता.

विजेच्या मुलाम्यात केस आधी घासूनपुसून चकचकीत करतात, तिच्यावरचा तेलकटपणा काढतात, मग बहुधा निकेलचा अस्तरथर देतात. हे अस्तर फार महत्त्वाचे असते. ते नसेल तर पितळेतले तांबे हळूहळू सोन्यात झिरपून पृष्ठभागापर्यंत येते आणि रंग काळवंडतो. नंतर पोटॅशियम गोल्ड सायनाइडच्या द्रावणात केस ऋण टोकाला लटकवतात. शुद्ध सोने मऊ असल्याने द्रावणात थोडे कोबाल्ट किंवा निकेल मिसळून थर कणखर केला जातो. स्विस केसवर ‘प्लाके ऑर जी १०’ अशी खूण असेल तर तो विजेने चढवलेला १० मायक्रॉनचा थर समजावा. ‘एल’ अक्षर असेल तर तो लाटून बसवलेला. सोव्हिएत घड्याळांच्या केसवर ‘एयू १०’, ‘एयू २०’ अशा खुणा आढळतात; ‘एयू’ म्हणजे सोने आणि आकडा मायक्रॉनचा. जुने घड्याळ घेताना हा आकडा डायलवरच्या नावाइतकाच लक्ष देऊन वाचावा.

सोने नेमके किती लागते याचा अंदाज काढता येतो. केसचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटीमीटर धरले, तर शुद्ध सोन्याच्या १० मायक्रॉन थराला साधारण अर्धा ग्रॅम सोने पुरते. हाच थर ०.१ मायक्रॉन केला, तर पाच मिलिग्रॅम. १९७१ पर्यंत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर होता आणि जानेवारी १९८० मध्ये तो ८५० डॉलरवर जाऊन पोचला. एवढ्या फरकानंतर जाड मुलामा स्वस्त घड्याळाला परवडेनासा झाला यात नवल नाही. कमी सोन्यात, किंबहुना सोन्याशिवाय, सोनेरी आणि कठीण पृष्ठभाग मिळवण्याच्या शोधाला त्यामुळे जोर आला.

उत्तर मिळाले ते टायटॅनियम नायट्राइड या टायटॅनियम आणि नायट्रोजनच्या सोनेरी संयुगामध्ये. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेचे डोनाल्ड मॅटॉक्स यांनी १९६०च्या दशकात आयन प्लेटिंगची पद्धत मांडली होती. केसमागे दिसणारी ‘आयपी’ ही अक्षरे तिथूनच आली. कोठीतली हवा उपसून टायटॅनियमची वाफ करतात, तीत नायट्रोजन सोडतात आणि घड्याळाच्या भागांना ऋण विद्युत्‌भार देतात. आयन, म्हणजे विद्युत्भारित कण, त्यांच्यावर वेगाने आदळून घट्ट बसतात. नायट्रोजनच्या प्रमाणावर रंगाची छटा ठरते. कार्बन मिसळला तर ती गुलाबी-तांबूस होते आणि टायटॅनियमऐवजी झिर्कोनियम घेतले तर फिकी पिवळी. हार्डवेअरच्या दुकानातले सोनेरी ड्रिल-बिट याच संयुगाने मढवलेले असतात. या संयुगात सोन्याचा कणही नसतो. सराईत नजरेला त्याचा रंग किंचित पितळी वाटतो, म्हणून चांगल्या घड्याळांवर त्याच कोठीत शेवटी खऱ्या सोन्याचा अतिशय पातळ थर देतात.

कठीणपणात दोन्ही पद्धतींची तुलनाच होत नाही. घड्याळासाठी वापरले जाणारे ३१६एल प्रतीचे पोलाद व्हिकर्स या कठीणपणाच्या मापनात सुमारे २०० भरते, विजेने चढवलेले कठीण केलेले सोनेही साधारण त्याच आसपास, तर टायटॅनियम नायट्राइड २,०००च्या घरात. त्यामुळे एक-दोन मायक्रॉनचा निर्वात थर शर्टाच्या बाहीच्या किंवा टेबलाच्या घर्षणाला सहज पुरून उरतो. पण मऊ गादीवर काच ठेवावी तशी त्याची अवस्था असते. घड्याळ दाराच्या कडीवर आपटले की खालचे पोलाद दबते, वरचा थर तडकतो आणि तिथे पांढरा ओरखडा कायमचा राहतो. पॉलिश करून तो घालवता येत नाही, कारण पॉलिशने थरच निघून जाईल.

विजेने दिलेला जुना मुलामा हळूहळू हरतो. विजेचा प्रवाह कडांवर एकवटत असल्याने तिथे सोने थोडे जाडच बसते, तरीही पट्टा अडकवण्याच्या कानांचे कोपरे आणि चावीचे दाते आधी झिजतात आणि पितळ उघडे पडते. घामातले क्षार सूक्ष्म छिद्रांतून खाली शिरतात आणि हिरवट बुरशीसारखा गंज येतो. मात्र अशा केसला साफ करून पुन्हा सोन्याचे पाणी देता येते. शहरातल्या प्लेटिंगवाल्यांना हे काम नवे नाही; एक ग्रॅम सोन्याच्या नावाने महाराष्ट्रभर विकले जाणारे दागिनेही याच तंत्राचे. फक्त पॉलिश जपून व्हायला हवे, नाहीतर कडा गोल होतात आणि कोरीव अक्षरे पुसट होतात. निर्वात थर दुरुस्त करायचा तर आधी तो रसायनांत विरघळवून काढावा लागतो आणि मग भाग पुन्हा कोठीत जातो. गल्लीतल्या कारागिराच्या आवाक्यात हे नाही.

त्वचेचा प्रश्नही यात आहे. निकेलचे अस्तर उघडे पडले की अनेकांना खाज आणि पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४च्या निर्देशात त्वचेशी सतत संपर्क असलेल्या वस्तूंतून निकेल सुटण्याची मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम ठरवली. त्यानंतर अस्तरासाठी पॅलेडियम आणि पांढऱ्या कांस्याचा वापर वाढला. टायटॅनियम नायट्राइड त्वचेला निरुपद्रवी आहे, त्यामुळे निकेलचा त्रास असलेल्यांना जुन्या पितळी घड्याळापेक्षा पीव्हीडी केलेले पोलादी घड्याळ अधिक मानवते.

भारतात एचएमटी आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून टायटन यांनी सोनेरी घड्याळ मध्यमवर्गीय घरांत नेले. लग्नात जावयाला द्यायच्या घड्याळाला सोनेरी रंगच शोभतो असे अनेक मराठी घरांत मानले जाई. आज घेताना थराइतकीच त्याच्याखालच्या धातूची चौकशी करावी. पितळेतले जस्त निर्वात कोठीच्या उष्णतेत बाहेर पडू पाहते, म्हणून पितळी केसला आधी निकेल-क्रोमचे कवच द्यावे लागते आणि ते कच्चे राहिले तर वरचा कठीण थरही सुटतो. पोलादावर ही अडचण येत नाही. रोजच्या वापरासाठी म्हणूनच पोलादावरचे पीव्हीडी घ्यावे. जपून वापरायच्या आणि पुढच्या पिढीला द्यायच्या घड्याळाला २० मायक्रॉनचा जुना मुलामा अधिक योग्य, कारण तो पुन्हा देता येतो. केसमागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेले असेल तर त्यातून फक्त मागचे झाकण पोलादी असल्याचे कळते. बाकीची केस बहुधा पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते.