व्हायरस काढल्यावर नेट बंद? फॉरमॅट करू नका
'व्हायरस काढला आणि नेट गेलं, की विंडोज फॉरमॅटच करावं लागतं,' हा समज पुण्यात पेठांपासून हिंजवडीपर्यंत ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे फोटो, हिशेब नाहक जातात. अनेक मालवेअर (व्हायरससारखे घातक प्रोग्राम) ब्राउझरचं येणं-जाणं स्वतःकडे वळवायला प्रॉक्सीत, म्हणजे नेटच्या मधल्या थांब्याच्या सेटिंगमध्ये, १२७.०.०.१ हा तुमच्याच संगणकाचा पत्ता भरतात. अँटिव्हायरस तो मालवेअर पुसतो, पत्ता मात्र तसाच राहतो; तिथे उत्तर द्यायला कुणी नसल्याने नेट बंद पडतं. सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये जाऊन प्रॉक्सी बंद करा, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) ऑटोमॅटिकवर आणा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं, तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून netsh winsock reset ही विंडोजची नेट-सेटिंग पूर्ववत करणारी कमांड चालवा आणि रीस्टार्ट करा. आयपी (नेटवर्कवरचा संगणकाचा पत्ता) रीसेटही करणार असाल, तर केबलवाल्याने हाताने भरलेला आयपी आधी कागदावर उतरवून घ्या. तो पुसला जातो.