दाबपात्रांवरील निर्माता-खुणा व संहिता-खुणा
बॉयलर, हवेच्या टाक्या, उष्णता विनिमयक अशा जुन्या दाबपात्रांच्या नामपट्टीवर किंवा थेट पत्र्यावर ठोकलेली अक्षरे व आकडे. पात्र कोणी, कोणत्या संहितेनुसार (रचना व बांधणीच्या नियमावलीनुसार) आणि साधारण कधी घडवले, हे त्यांवरून ठरवतात.

सर्वाधिक आढळते ती अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची (एएसएमई) क्लोव्हर-पानाच्या आकृतीतील 'यू' ही खूण. संस्थेची बॉयलर संहिता १९१४ च्या आवृत्तीपासूनची. दाबपात्रांसाठीचा आठवा विभाग १९२५ मध्ये आला, म्हणून 'यू' असलेले पात्र त्याआधीचे नसावे. २०११ पासून निरनिराळ्या शिक्क्यांऐवजी एकच प्रमाणचिन्ह व त्याखाली अक्षर अशी रीत पडली.

'यू-६८', 'यू-६९', 'यू-७०' या खुणांनी बराच घोळ घातला आहे. पुष्कळांना ते नमुना क्रमांक वाटतात. वस्तुतः ते जुन्या संहितेतील वेल्डिंगच्या वर्गांचे परिच्छेद क्रमांक होत. त्यांपैकी ६८ ची अट सर्वांत कडक, त्यात सांध्यांची क्ष-किरण तपासणी व ताणमुक्ती (वेल्डिंगमुळे धातूत राहिलेला ताण तापवून घालवणे) येई. १९५० च्या सुमारास ही क्रमांकपद्धती बदलली, तेव्हा अशी खूण असलेले पात्र बहुधा त्याआधीचे. ही खूण थेट पत्र्यावर ठोकलेली असेल तर नामपट्टीवरील वर्षापेक्षा ती अधिक भरवशाची मानावी, कारण पट्टी बदललेली असू शकते. पात्राच्या ताकदीच्या हिशेबातही कालनिश्चितीला महत्त्व आहे: संहितेतील सुरक्षा गुणक (धातूची ताकद प्रत्यक्ष अनुमत ताणाच्या किती पट असावी तो आकडा) १९५० च्याच सुमारास ५ वरून ४ व १९९९ मध्ये ३.५ वर आला.

'एनबी' पुढील क्रमांक अमेरिकेतील बॉयलर व दाबपात्र निरीक्षकांच्या राष्ट्रीय मंडळाच्या (स्थापना १९१९) नोंदणीचा. प्रत्येक निर्मात्याची क्रममालिका स्वतंत्र असल्याने एकच क्रमांक दोन पात्रांवर सापडतो. निर्मात्याच्या नावावाचून तो निरुपयोगी. 'एचटी' म्हणजे उष्णतोपचार, 'आरटी' म्हणजे क्ष-किरणादी तपासणीची व्याप्ती. किमान अभिकल्प तापमानाची (पात्र ज्या सर्वांत कमी तापमानासाठी आखले ते) नोंद १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागते.

निर्माता ओळखताना होणारी नेहमीची चूक म्हणजे पोलाद कारखान्याचा ओतक्रमांक (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक), फ्लँजवरील (नळी जोडण्याच्या कडीवरील) नाव किंवा सुरक्षा झडपेवरील 'यूव्ही' शिक्का पात्राचाच समजणे. शिक्क्याजवळ 'पार्ट' असेल तर तो केवळ एका भागाच्या निर्मात्याचा असतो. पुसट अक्षरे रंग विरघळवून काढल्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवावीत. ग्राइंडर लावू नये.

ब्रिटिश पात्रांवर १९७६ नंतर 'बीएस ५५००' हे तिथल्या दाबपात्र मानकाचे नाव आढळते. युरोपीय नियमांशी अनुरूपता दाखवणारी 'सीई' खूण दाबपात्रांना २००२ पासून सक्तीची झाली.