बागेवाडीचे साहुकार: उमेश कत्तींच्या राजकारणामागचा ऊस

हंगामात बेळगाव जिल्ह्यात संकेश्वरहून हुक्केरीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, चालक खाली उतरून शेकोटीपाशी बसलेला, नंबर कधी लागेल याची वाट बघत. काट्यावर वजन झालं की एक पावती मिळते: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ ऊस. आमच्या घरी या पावत्या चहाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचे. घरात बोलणं सगळं मराठीत, शाळाही मराठी, पण पावती कन्नडमध्ये. मी कन्नड अक्षरं पहिल्यांदा ओळखायला शिकलो ती त्या पावतीवरून.

उमेश कत्ती हे नाव समजून घ्यायचं तर सुरुवात या पावतीपासूनच करावी लागते. कर्नाटकात आठ वेळा आमदार, अनेकदा मंत्री, मुख्यमंत्रिपदाची इच्छा उघडपणे बोलून दाखवणारा नेता, ही त्यांची बाहेरची ओळख. हुक्केरी तालुक्यात ते आधी साहुकार होते, मग साहेब.

या तालुक्यात सहकार जुना आहे. ग्रामीण भागात वीज पोचवण्यासाठी देशात 1969 च्या सुमारास ज्या पहिल्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा होती आणि कर्नाटकातली हुक्केरी होती. संकेश्वरला हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या पंपाची वीज, त्याचा ऊस आणि जिल्हा बँकेतून मिळणारं पीककर्ज, तिन्हींच्या दोऱ्या संचालक मंडळांच्या हातात. पश्चिम महाराष्ट्रात जे चित्र आपण पाहतो, तेच इथे कन्नडमध्ये आहे. कोल्हापूरच्या माणसाला हुक्केरीचं राजकारण बंगळुरूच्या माणसापेक्षा लवकर कळतं, ते यामुळेच.

उमेश यांचे वडील विश्वनाथ कत्ती हेही आमदार होते. त्यांच्या निधनानंतर 1985 साली पोटनिवडणूक झाली आणि उमेश चोविसाव्या वर्षी जनता पक्षाकडून विधानसभेत गेले. रामकृष्ण हेगडेंचा तो काळ. पुढे जनता दल, संयुक्त जनता दल, काँग्रेस, धर्मनिरपेक्ष जनता दल आणि शेवटी भाजप. 1989, 1994, 1999 असे ते निवडून येत राहिले. 2004 ला काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले आणि पडले. तेवढा एकच पराभव. 2008 मध्ये ते धर्मनिरपेक्ष जनता दलातर्फे जिंकले, काही महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत पुन्हा जिंकले. मग 2013 आणि 2018.

एवढे पक्ष बदलूनही लोक बरोबर कसे राहिले, असं बाहेरचे लोक विचारतात. तालुक्यातल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. मतदाराचं नातं झेंड्याशी कमी आणि घराशी जास्त होतं. ऊस वेळेत तुटेल का, बिल कधी जमा होईल, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं होईल का, हे प्रश्न पक्ष सोडवत नव्हता. मला स्वतःला ही गोष्ट लोकशाहीसाठी बरी वाटत नाही. ज्याच्या हातात आपला माल आहे त्याच्याच हातात आपलं मतही जाणं, यात शेतकऱ्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. पण घडलं ते असं.

हुक्केरी तालुक्यातल्या बेल्लद बागेवाडीचा खासगी साखर कारखाना या घराण्याने वडिलांच्या नावाने उभा केला. कंपनीची नोंदणी 1995 ची. साखरेबरोबर भुशापासून वीज, मळीपासून स्पिरिट, पुढे विनेगरही. आज विश्वराज शुगर या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी ऑक्टोबर 2019 मध्ये शेअर बाजारात उतरली. सहकारातून आलेलं घर खासगी कारखानदारीत स्थिरावलं. बेळगाव जिल्ह्यात असे कारखानदार-नेते एकटे कत्ती नाहीत. गोकाकचे जारकीहोळी बंधू आहेत, कागवाडचे श्रीमंत पाटील आहेत, लक्ष्मी हेब्बाळकरांचं कुटुंब आहे. जिल्ह्यातले मोठे राजकीय संघर्ष बरेचदा कारखान्याच्या आणि जिल्हा बँकेच्या कुंपणावरूनच सुरू होतात.

भाजपमध्ये कत्तींची कोंडीही झाली. 2009 ला चिक्कोडीतून खासदार झालेले धाकटे बंधू रमेश यांना 2019 मध्ये लोकसभेचं तिकीट मिळालं नाही, ते अण्णासाहेब जोल्लेंना गेलं. 2020 मध्ये राज्यसभेसाठीही त्यांचं नाव मागे पडलं. त्या मे महिन्यात कत्तींच्या बंगळुरूच्या घरी नाराज आमदारांचं जेवण झालं आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. उमेश यांना पुन्हा मंत्रिपद मिळालं ते जानेवारी 2021 मध्ये, अन्न व नागरी पुरवठा खात्याचं. पुढे मुख्यमंत्री बोम्मईंच्या काळात वन खातंही आलं.

या काळातल्या दोन गोष्टी लोक विसरले नाहीत. टीव्ही, फ्रीज, मोटरसायकल असणाऱ्यांनी बीपीएल कार्ड परत करावं, हे विधान त्यांना मागे घ्यावं लागलं. आणि एप्रिल 2021 मध्ये रेशनच्या तांदळाबद्दल फोन करणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी दिलेलं उत्तर, मेलेलं बरं अशा अर्थाचं. त्यांनी माफी मागितली. लॉकडाऊनच्या दिवसांत ते बोलणं फार लागलं, कारण ज्यांच्या उसावर ते घर उभं राहिलं त्यांतलाच एक माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला होता.

आता सीमाभागातल्या वाचकाला सर्वांत जवळचा विषय. कत्ती वेगळ्या उत्तर कर्नाटकाची मागणी पक्षाला न जुमानता करत राहिले. जून 2022 मध्ये तर कर्नाटकाची दोन आणि महाराष्ट्राची तीन राज्यं होतील, असं ते बोलले. मुख्यमंत्र्यांनी ते उडवून लावलं. पण त्यामागची तक्रार पोकळ नव्हती. 2002 च्या नंजुंडप्पा समितीने अतिमागास ठरवलेल्या 39 तालुक्यांपैकी 26 उत्तरेतले होते. 2012 मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, तरी फाईल बंगळुरूलाच हलते.

आमची, मराठी माणसांची मागणी निराळी. 1956 पासून आम्ही महाराष्ट्रात जायचं म्हणतो आहोत आणि 2004 पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कत्तींना महाराष्ट्र नको होता, त्यांना स्वतःचं राज्य हवं होतं. भाषेच्या प्रश्नाला त्यांच्या मागणीत जागा नव्हती, म्हणून मराठी भागाने ती कधी आपली मानली नाही. तरीही बंगळुरू लांब आहे, हे याच जिल्ह्यातल्या एका लिंगायत कन्नड नेत्याने मंत्रिपदावर असताना बोलावं, याचं मोल मला वाटतं.

6 सप्टेंबर 2022 च्या रात्री बंगळुरूच्या घरी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय 61. दुसऱ्या दिवशी बेल्लद बागेवाडीत त्यांना माती देण्यात आली.

2023 मध्ये हुक्केरीतून त्यांचे चिरंजीव निखिल निवडून आले. चिक्कोडी-सदलग्यात रमेश कत्ती हरले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांना जिल्हा बँकेचं अध्यक्षपद सोडावं लागलं. घराण्याचा जोर संपला असं तेव्हा अनेकांनी धरलं. पण सप्टेंबर 2025 मध्ये हुक्केरीच्या त्याच जुन्या वीज सहकारी संस्थेची निवडणूक लागली. जारकीहोळी आणि जोल्ले एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रमेश कत्ती, आणि त्यांच्या शेजारी ए. बी. पाटील, जे 2018 ला काँग्रेसकडून उमेश कत्तींच्याच विरोधात लढले होते. संस्था कत्ती-पाटील पॅनेलकडे राहिली.