जाळं न विणणाऱ्या कोळ्याचा नेम

झोपेत आपण वर्षाला आठ कोळी गिळतो, हा मेसेज पुन्हा फिरू लागलाय. शुद्ध थाप! आपल्या श्वासाची, हृदयाची कंपनं जाणवताच कोळी लांब पळतो. कोळ्यांबद्दल खरोखर थक्क व्हायचं असेल, तर त्यांची शिकार पाहावी.

कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यातल्या कितीतरी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत. लांडगा कोळी भक्ष्यावर धावून जातो, खेकडा कोळी फुलावर दबा धरतो, थुंकणारा कोळी चिकट द्रव उडवून भक्ष्याला जागीच जखडतो. पण माझा आवडता उड्या मारणारा कोळी.

अचूक उडीसाठी अंतर कळायला हवं. आपण त्यासाठी दोन डोळ्यांतल्या प्रतिमांमधला फरक वापरतो. या कोळ्याच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांना मात्र एकच दृश्य एकदम दिसत नाही. मग? त्या डोळ्यांतलं दृष्टिपटल चार थरांचं असतं आणि त्यातले सर्वांत खोलचे दोन थर हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतात. हिरव्या प्रकाशातली प्रतिमा तळच्या थरावर स्पष्ट पडते, त्याच्या वरच्या थरावर कायम अंधुक. वस्तू जितकी जवळ, तितकी तिची प्रतिमा भिंगापासून लांब तयार होते, म्हणजे वरच्या थरावरचा अंधुकपणा वाढतो. दोन थरांची तुलना केली की अंतर कळलं!

२०१२मध्ये जपानी संशोधकांनी हे तपासलं. हिरव्या प्रकाशात उड्या अचूक पडल्या, लाल प्रकाशात आखूड. लाल प्रकाशाची तरंगलांबी जास्त, त्यामुळे भिंगातून तो कमी वळतो आणि प्रतिमा आणखी मागे जाते. अंधुकपणा वाढतो, म्हणून कोळ्याला भक्ष्य आहे त्याहून जवळ वाटतं. चूकही गणितात बसणारी!

उडीचा जोरही वेगळाच. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना ताठ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून तो मागचे पाय झटक्यात सरळ करतो.

आणि रेशीम? ते वापरतोच. उडीआधी तो एक तंतू चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर त्यावर लोंबकळून परत चढता येतं. शिवाय त्या तंतूच्या ताणामुळे हवेत अंग उलटंपालटं होत नाही, हे २०१३च्या एका अभ्यासात दिसलं.