वडिलांची येझदी आणि तिच्यामागचा इतिहास

वाहनमालक वारला तर वारसानं तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. तसं कळवलं असेल, तर पुढचे तीन महिने गाडी स्वतःच्या नावावर असल्यासारखी चालवता येते आणि तेवढ्या मुदतीत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. मोटार वाहन नियमांतली ही तरतूद मी वडील गेल्यावर, त्यांची येझदी मोटरसायकल माझ्या नावावर करताना, पहिल्यांदा वाचली. हरकत नसल्याच्या कागदावर सही करताना बहिणीनं एवढंच विचारलं, "चालू ठेवशील ना?"

वडिलांकडून मला रुंद कपाळ मिळालं, साखरेची प्रवृत्तीही मिळाली. ती रक्तातून आली. फटफटीचं वेड मात्र रक्तातून येत नाही. माझ्या वयाच्या इतक्या मराठी माणसांना ते बापाकडूनच का लागलं, याचं उत्तर त्या काळच्या टंचाईत आहे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून सरकारनं तयार गाड्यांच्या आयातीवर बंधनं आणली. हवी तर गाडी इथेच बनवा, असं धोरण होतं. बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागली. एस्कॉर्ट्सची राजदूत साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि दूधवाल्यांची लाडकी झाली. याच सुमारास, १९६०-६१ मध्ये, म्हैसूरला रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी 'आयडियल जावा' हा कारखाना उभा केला. नाव आणि यंत्र चेकोस्लोवाकियाचं. यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ मध्ये जर्मन 'वाँडरर' कंपनीचा मोटरसायकलींचा उद्योग घेतला आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं (Ja आणि Wa) जोडली, तीच 'जावा'. म्हैसूरच्या लोकांनी त्यात आपल्या महाराजांच्या, जयचामराजेंद्र वडियारांच्या, नावाची अक्षरं पाहिली. मला ही गोष्ट फार आवडते. परक्या यंत्राला गावानं आपलंसं करून घ्यायची ही रीत आहे.

१९७३ पासून टाकीवरचं नाव बदलून 'येझदी' झालं. त्यात इराणमधल्या यज्द शहराची आठवण आहे. मुंबई-पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ज्यांची हॉटेलं होती, त्या इराणी झरथुष्ट्री कुटुंबांपैकी अनेकांचं मूळ यज्द आणि केरमान या भागांत. पूर्वजांनी सोडलेल्या गावाचं नाव असं भारतभरच्या रस्त्यांवर फिरत राहिलं.

वर्षाला किती गाड्या काढायच्या हेही त्या काळी परवान्यावर ठरायचं. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. मोटरसायकलींत निवड दोन-तीन नावांपुरती. त्यामुळे पगारदार माणूस आयुष्यात एकदाच गाडी घ्यायचा आणि ती मोडीत काढायचा विचारही करायचा नाही. वडिलांनी आमची येझदी १९७७ साली घेतली. तिच्या पाटीवर अजून 'एम'नं सुरू होणारी तीन अक्षरं आहेत, 'एमएच'ची पद्धत १९८९ पासूनची. आरसी बुकात दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचे शिक्के एकाखाली एक बसलेत.

एकच गाडी इतकी वर्षं टिकवायची तर ती घरी दुरुस्त करता यायला हवी. इथे टू-स्ट्रोक इंजिन कामी आलं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, वेगळं ऑइलचं कोठारही नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, म्हणजे इंजिन पेट्रोल पितापिताच वंगण घेतं. त्याची किंमतही असते. प्लगवर काजळी धरते, सायलेन्सर कार्बननं तुंबतो, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटमधलं अंतर हलतं. म्हणून दर महिना-दोन महिन्यांनी रविवारी अंगणात जुनी चादर पसरायची, वर्तमानपत्रावर नट-बोल्ट खोलायचे पाने ओळीनं मांडायचे आणि पोराला हाक मारायची.

माझा वारसा तिथे सुरू झाला. बाबा हात पुढे करायचे आणि मी त्यात पाना ठेवायचो. सहा वर्षांचा असताना नंबर वाचून द्यायचो, दहाव्या वर्षी न विचारता बरोबर पाना देऊ लागलो. प्लग काढून ते रंग दाखवायचे. फिकट तपकिरी असला तर ठीक, काळा ओला असला तर पेट्रोल जास्त जातंय. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीत असतात. दांडी आत दाबून मागे फिरवली की ती किक होते, गाडी चालू झाली की परत पुढे आणून तिनंच गिअर टाकायचे. नव्या माणसाला हे कळतच नाही. ते मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, बाबांच्या पायाकडे बघूनच आलं. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा कान मात्र मला अजून त्यांच्याएवढा आलेला नाही.

१९८५ च्या सुमारास कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी बनावटीच्या शंभर सीसी गाड्या आल्या आणि या जड गाड्यांचं गिऱ्हाईक घटलं. पाठोपाठ धुराचे नियम कडक झाले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. लोकांनी गाड्या भंगारात घालाव्यात अशी ती वेळ होती, पण घडलं उलटंच. सुटे भाग मिळेनासे झाले तसे लोक जुनी मडगार्डं आणि टाक्या जपून ठेवू लागले. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी 'जावा दिन' पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी बापाची गाडी घेऊन आलेली मुलं-मुली मोठ्या संख्येनं दिसू लागली.

कारखानदाराच्या घरीही वारसा असाच उतरला. रुस्तम इराणींचे चिरंजीव, मुंबईतले बांधकाम व्यावसायिक बोमन इराणी (अभिनेते ते वेगळे), नव्या कंपनीत भागीदार झाले. तिनं २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी परत रस्त्यावर आणली. या गाड्या आता फोर-स्ट्रोक आहेत. 'येझदी' हे नाव नेमकं कुणाचं, यावर कर्नाटक उच्च न्यायालयात वादही झाला. टाकीवरचं नाव आणि हातातलं कसब हे दोन वेगळे वारसे आहेत. कोर्टात पहिल्याचाच निवाडा होऊ शकतो.

२०२७ मध्ये आमच्या गाडीला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि जुना नंबरही ठेवता येतो. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीलाच बाहेर काढता येते, रोज चालवता येत नाही. मी तो अर्ज करणार नाही. पाच वर्षांचंच नूतनीकरण करून घेईन. मुलगी आठ वर्षांची आहे आणि पान्यांवरचे नंबर आता तिला वाचता येतात.