‘शिक्षकेतर’ शब्दाचा गुंता

विद्यापीठातला तास उत्तम झाला की आभार मानले जातात ते व्याख्यात्याचे. तो तास उभा करणारे बाकीचे हातही विद्यापीठांइतकेच जुने आहेत. तेराव्या शतकात बोलोन्या आणि पॅरिसमध्ये ग्रंथविक्रेते पाठ्यग्रंथाची तपासलेली प्रत सुट्या भागांत नकलेसाठी भाड्याने देत. त्यामुळे एकच ग्रंथ एकाच वेळी अनेकांना उतरवून घेता येई. वर्गांची व्यवस्था पाहणारा सेवक असे ‘बिदेल्लुस’. इटलीत शाळेच्या शिपायाला अजूनही ‘बिदेल्लो’ म्हणतात. पुढे १८२०च्या दशकात जर्मनीतल्या गीसेनच्या रसायनशाळेत विद्यार्थी स्वतः प्रयोग करू लागले. ही पद्धत पसरली तशी रसायने आणि उपकरणे तयार ठेवणाऱ्या साहाय्यकांवाचून शिकवणे अशक्य झाले.

घोळ आहे तो नावाचा. ‘शिक्षकेतर’ म्हणजे शिक्षक सोडून इतर. माणूस काय करतो हे त्यातून कळत नाही, तो काय नाही एवढेच कळते. मुळात हा आस्थापनेचा, वेतनश्रेणीचा शब्द, पण तो कामाचे वर्णन होऊन बसला. पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची नळी, कशी धरायची हे हात धरून दाखवणारा प्रयोगशाळा साहाय्यक शिकवत नसतो तर काय करत असतो? संदर्भ कसा शोधायचा हे ग्रंथालयाच्या टेबलाशी समजावले जाते, तेही अध्यापनच. इंग्रजीतही ‘नॉन-अकॅडेमिक’चा असाच प्रश्न होता. ऑस्ट्रेलियात ‘जनरल स्टाफ’ जाऊन ‘प्रोफेशनल स्टाफ’ आले. नाव सन्मानाचे खरे, पण मग प्राध्यापक व्यावसायिक नाहीत का, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते खरे वळण आले ते १९६९मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठामुळे. तिथे अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाचा न ठेवता गटाकडे सोपवला गेला. विषयतज्ज्ञांबरोबर संपादक, दूरचित्रवाणी निर्माते आणि शैक्षणिक तंत्रज्ञ एकाच टेबलाशी बसले. घरी प्रयोग करता यावेत म्हणून विद्यार्थ्यांना टपालाने साहित्याचे संच गेले. यावर आक्षेपही आले. मसुद्यावर सगळ्यांनी बोट ठेवायचे म्हणजे वेळ जातो, लेखकाचा स्वतःचा आवाज बोथट होतो. आक्षेप खोटा नव्हता. तरीही पाठ्यपुस्तिकेत गटाची नावे छापली जाऊ लागली, हे मला फार मोलाचे वाटते. कृतज्ञतेला त्यामुळे पत्ता मिळाला.

ब्रिटनमध्येच २०१७मध्ये तंत्रज्ञांचे काम दृश्यमान करण्याची, त्यांना बढतीची वाट देण्याची जाहीर बांधिलकी विद्यापीठांनी स्वीकारायला सुरुवात केली. मग २०२० आले. काही दिवसांत वर्ग पडद्यावर न्यावे लागले. ज्यांनी खाती उघडून दिली, बिघडलेली ध्वनिमुद्रणे दुरुस्त केली आणि अनुभवी प्राध्यापकांना नव्या साधनांवर शिकवायला शिकवले, त्यांतल्या बहुतेकांच्या सेवापुस्तकातला प्रवर्ग त्यानंतरही तोच राहिला.