वारा समोरून आला तर?

लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी मुरगाव बंदरात परतल्या. बोट ५६ फुटी, शिडाची, गोव्यातच बांधलेली. आत माणसं दोनच. तेव्हापासून जो भेटतो तो मला एकच प्रश्न विचारतो: “वारा समोरून आला की इंजिन लावत असतील ना?” विचारणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत, आणि विज्ञानाचे शिक्षकही.

‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही आपली म्हण मनात इतकी घट्ट बसली आहे की शीड म्हणजे वारा पकडायची पिशवी आणि बोट म्हणजे वारा नेईल तिकडे जाणारी वस्तू, असंच आपण धरून चालतो. पाठीमागून वारा असेल तर ते बरंचसं खरंही आहे. पण शिडाच्या बोटीचा खरा चमत्कार वारा बाजूने किंवा तिरका समोरून येतो तेव्हा दिसतो. त्या वेळी शीड वारा अडवत नाही, वाकवतं. हा लेख मुख्यतः त्या वाकवण्याबद्दल आहे. पहिली बोट कोणती घ्यावी हे शेवटी सांगतो, घाई असेल त्यांनी तिकडे उडी मारावी.

आधी एक चुकीचं स्पष्टीकरण बाजूला करू. वारा वाकवायचं हेच काम विमानाचा पंखही करतो, आणि त्याच्याबद्दल अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं की पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून तिथली वाट लांब. वरून जाणाऱ्या हवेला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पलीकडे पोचायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते, आणि वेग वाढला की बर्नुलीच्या नियमाने दाब कमी. बर्नुलीचा नियम बरोबर आहे, पण ‘एकाच वेळी पोचायचं’ हे कुणी ठरवलं? हवेच्या कणांनी असा करार केलेला नसतो. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोचते. आणि शिडाने तर या स्पष्टीकरणाचा निकालच लावला आहे. शीड म्हणजे एक पातळ कापड. त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच. वाट लांब-आखूड असण्याचा प्रश्नच येत नाही, तरी बोट चालते.

मग दाबातला फरक येतो कुठून? शाळेत शिकलेलं अभिकेंद्री बल आठवा. कोणतीही वस्तू वळणावरून जात असेल तर तिला वळणाच्या केंद्राकडे ढकलणारं बल लागतं. हवेच्या एखाद्या छोट्या घासालाही तेच लागू. पण हवेला ढकलणार कोण? आजूबाजूची हवाच, आणि तीही फक्त दाबाने. म्हणजे हवा जिथे वळते तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला दाब जास्त आणि केंद्राच्या अंगाला कमी असलाच पाहिजे. नाहीतर ती वळणारच नाही, सरळ जाईल.

आता फुगलेलं शीड डोळ्यांपुढे आणा. त्याची पोकळ बाजू वाऱ्याकडे, फुगीर बाजू वाऱ्याआड. वारा शिडाच्या पुढच्या कडेवर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी कापडाच्या वळणाबरोबर वळत जातो. दोन्ही बाजूंच्या वळणाचं केंद्र एकाच अंगाला आहे, पोकळ बाजूकडे. फुगीर बाजूला शिडापासून खूप दूर उभे राहा. तिथे दाब नेहमीचा, वातावरणाचा. तिथून शिडाकडे चालत या. तुम्ही केंद्राच्या दिशेने चालला आहात, म्हणून दाब कमी कमी होत जाणार. शिडाला हात लागेपर्यंत तो वातावरणाच्या दाबापेक्षा खाली गेलेला असतो. आता पोकळ बाजूला दूर उभे राहा आणि शिडाकडे या. या वेळी तुम्ही केंद्रापासून दूर जात आहात, म्हणून दाब वाढत जाणार. एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, मध्ये कापड. झालं काम. हेच न्यूटनच्या भाषेत सांगायचं तर शिडाने हवेला एकीकडे वळवलं, हवेने शिडाला दुसरीकडे ढकललं. दोन वेगळी कारणं नाहीत ही, एकाच गोष्टीचे दोन हिशेब आहेत. मला स्वतःला वळणाचा हिशेब जास्त आवडतो, कारण त्यात हात झटकायला जागा नाही.

हे बल शिडाला साधारण काटकोनात लागतं. बोट तिरक्या समोरच्या वाऱ्यात चालली असेल तर शीड बोटीच्या मध्यरेषेच्या जवळ ओढून घेतलेलं असतं, म्हणून बलाचा मोठा वाटा बोटीला आडवा ढकलतो आणि थोडाच पुढे. इथे पाण्याखालचा भिडू कामाला येतो. छोट्या बोटीच्या मधोमध एक फळी पाण्यात खाली सोडलेली असते. तिला डॅगरबोर्ड म्हणतात, बिजागरीवर फिरणारी असेल तर सेंटरबोर्ड. ती पुढे सहज सरकते, आडवी सरकायला मात्र तयार नसते. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, ओली बी दोन बोटांत दाबली की ती दाबाच्या दिशेने न जाता तिसरीकडेच सुटते, तशी शीड आणि फळी यांच्यामध्ये दाबलेली बोट पुढे सुटते.

थोडे आकडे घेऊ. खरा वारा १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. बोट त्याच्याशी ४५ अंशांचा कोन करून ५ नॉटने चालली आहे. बोटीवर बसलेल्याला जाणवणारा वारा हा खरा वारा आणि बोटीच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची सदिश बेरीज. समोरचा भाग ७.०७ अधिक ५, म्हणजे १२.०७, बाजूचा भाग ७.०७. बेरीज येते जवळपास १४ नॉट, आणि कोन ४५ चा ३० अंशांवर येतो. तीच बोट पाठीमागच्या वाऱ्याने ५ नॉट पळत असेल तर तिला जाणवणारा वारा उरतो फक्त ५ नॉट. वाऱ्याचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. १४ चा वर्ग १९६, ५ चा २५. जवळजवळ आठपट फरक! समोरच्या वाऱ्यात चाललेल्या बोटीत कपडे फडफडतात, पाणी उडतं आणि पाठीमागच्या वाऱ्यात दुपारचं ऊन अंगावर येतं, ते यामुळेच.

सात चौरस मीटरच्या शिडावर १४ नॉटचा वारा ढोबळ हिशेबाने २२ किलो वजनाइतकं बल देतो. त्यातलं पुढे ढकलणारं सुमारे ७ किलो, आडवं ढकलणारं सुमारे २१. (७ आणि २१ मिळून २२ कसे, असं विचारू नका, काटकोनातली बलं वर्ग करून मिळवायची असतात.) एवढं आडवं बल ती इवलीशी फळी पेलते कशी? समुद्राचं पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून जास्त घन आहे. त्यामुळे तीन-चार अंश तिरकी सरकली तरी फळीला पुरेसं बल मिळतं. आणि शीड वरून ढकलतं, फळी खालून अडवते, त्यामुळे बोट कलते. तिला सपाट ठेवायला माणसाने वाऱ्याकडच्या काठावर बसून अंग बाहेर टाकायचं. म्हणून छोट्या बोटीत खलाशाचं वजन हा यंत्राचाच भाग असतो.

इतकं कळलं की शिकणं सोपं होतं, निदान बोलायला. पहिला धडा: वारा कुठून येतो ते सतत कळलं पाहिजे, पाण्यावरच्या लहरींवरून, गालावरून, शिडाला चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांवरून. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत कोणतीच साधी बोट चालत नाही. त्या पट्ट्यात नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, गेली की शीड नुसतं फडफडतं. शिडाच्या दोराला शीट म्हणतात. तो ढिला सोडायचा, शीड पुढच्या कडेला फडफडेपर्यंत. मग फडफड थांबेल एवढाच ओढायचा. नवशिके जास्त ओढतात आणि बोट मंदावली म्हणून आणखी ओढतात. त्याने हवा कापडापासून सुटते आणि सगळं वळणाचं शास्त्र कोलमडतं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. वाऱ्याच्या तोंडी असलेल्या ठिकाणी जायचं तर नागमोडी जायचं, प्रत्येक वळणावर नाळ वाऱ्यातून फिरवून. याला टॅक करणं म्हणतात. वाऱ्याच्या तोंडी एक किलोमीटर वर चढायला सुमारे १.४ किलोमीटर पाणी कापावं लागतं. नाळेऐवजी मागचं टोक वाऱ्यातून नेलं तर ती जाईब. तिच्यात शिडाखालचा आडवा दांडा, बूम, एका बाजूहून दुसरीकडे झपकन येतो. डोकं खाली.

गोव्यात शिकणाऱ्याला निसर्गाने वेळापत्रकच दिलं आहे. भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे हिवाळ्या-उन्हाळ्यात रोज परीक्षा घेतात. सकाळी जमिनीकडून मंद वारा, मग तासभर काहीच नाही, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा. आता नकाशा बघा. करंजाळे-मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे दुपारचा वारा तुम्हाला किनाऱ्याकडे आणतो. लाटा असतात, पण काही बिघडलं तर शेवटी वाळूवरच येता. बांबोळी-शिरदोनची बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे. तिथे तोच वारा जमिनीवरून येतो, पाणी सपाट आणि छान वाटतं, आणि बोट उलटली तर तुम्हाला झुआरीच्या रुंद मुखाकडे, जहाजांच्या वाटेकडे नेतो. सपाट पाणी पाहून फसू नये. भरती-ओहोटीचं कोष्टक खिशात हवं. मांडवीच्या तोंडाशी ओहोटी जोरात असताना मंद वाऱ्यातली छोटी बोट पाण्याच्या मानाने पुढे आणि किनाऱ्याच्या मानाने मागे जाऊ शकते.

जून ते सप्टेंबर छोट्या बोटीचं काम नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की दर्या शांत होतो असं म्हणतात. सण सुंदर आहे, जरूर करावा. पण दर्या शांत होतो तो नैर्ऋत्य मोसमी वारे त्या सुमाराला ओसरू लागतात म्हणून, आणि ज्या वर्षी ते ओसरत नाहीत त्या वर्षी नारळाचं काही चालत नाही. तसंच ‘कौंडिण्य’चं. अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवून गोव्यात बांधलेलं हे जहाज २०२५ च्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं, आणि लगेच ‘प्राचीन गूढ तंत्रज्ञाना’चे मेसेज फिरू लागले. त्याची शिडं चौकोनी. अशी शिडं समोरच्या वाऱ्यात फार वर चढू शकत नाहीत. पूर्वजांची हुशारी गूढात नव्हती. कोणत्या महिन्यात वारा कुठून वाहतो हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्याप्रमाणे ते निघत. डिसेंबरात ईशान्येचा वारा असतो, आणि मस्कत पश्चिमेला आहे.

आता बोट. पहिला मोसम विकत घेऊच नका, क्लबची वापरा. मग घ्याल ती लहान घ्या. मोठी बोट चुका पोटात घालते, लहान बोट लगेच सांगते. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट: १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी आखलेली, २.३ मीटर लांब, ३५ किलोची, दिसायला पेटीसारखी. पंधरा वर्षांपर्यंत पुरते. मोठ्यांसाठी माझं मत उघड आहे: जुनी लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात. ४.२ मीटर लांब, सांगाडा, म्हणजे शीड-काठीशिवायची नुसती बोट, ५९ किलो, एकट्याने चालवायची. तिचा मोठा गुण म्हणजे सांगाडा तोच ठेवून शीड बदलता येतं: ४.७, सुमारे ५.८ किंवा ७.१ चौरस मीटर. वरचा कलण्याचा हिशेब आठवा. ५५-६० किलोच्या माणसाने सात चौरस मीटरच्या शिडाचा हट्ट धरू नये. ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला खलाशी नेत्रा कुमनन मधल्या आकाराच्या शिडावरच खेळते. दोघांना जायचं असेल तर एंटरप्राइज चांगली, पण वाळूवरून ओढायला दोघं हवेतच. दोन सांगाड्यांची हॉबी १६ वेगवान आणि मजेदार आहे, मात्र तिला टॅक करणं नवशिक्याला जड जातं आणि उलटली तर एकट्याने सरळ होत नाही.

जुनी बोट बघायला गेलात तर रंगाकडे बघू नका. डेकवर अंगठ्याने दाबत फिरा. मऊ लागलं तर आत फोम भिजलेला आहे. डोलकाठी जिथे बसते त्या खोबणीत पाणी ओतून ठेवा, चहा घ्या, परत येऊन पातळी बघा. कमी झाली असेल तर किंमत पाडायची नाही, सरळ निघून यायचं. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलचे रिवेट जिथे आहेत तिथे पांढरी भुकटी दिसते का पाहा; खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजतं. शीड हातात चुरगाळा. नवं कापड करकरतं, जुनं फडक्यासारखं गप्प असतं. त्याचा फुगवटा मागे सरकलेला असतो, वारा नीट वळत नाही, आणि मग बोट समोरच्या वाऱ्यात चढत नाही. जुनं शीड शिकायला चालेल, पण त्याचे पैसे देऊ नका. पावसाळ्यापूर्वी बोट उलटी करून, जमिनीतल्या खुंट्यांना दोन ठिकाणी बांधून, झावळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवा, म्हणजे गोव्यात अशी जागा सापडलीच तर. बुडाचं बूच काढून डोलकाठीला बांधून ठेवा. ऑक्टोबरात पहिल्यांदा पाण्यात जाताना निम्मे लोक तेच शोधत असतात.